नगराचे वाहन आणि वस्तीची संमती



ज्यांच्या स्मृत्यर्थ गिरगावातील या ग्रंथालयाची ही व्याख्यानमाला चालते ते सद्गृहस्थ इतिहासाचे अध्यापक होते, आणि इतिहास म्हणजे राजे व तह यांची जंत्री न मानता माणसे कशाने प्रवास करीत, काय भाडे देत, कोणाकडे दाद मागत याची चौकशी करणे हेही इतिहासाचेच काम आहे, असे ते आपल्या विद्यार्थ्यांस सांगत. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो त्या चौकशीचाच एक भाग आहे. सार्वजनिक वाहनव्यवस्थेत होणारा फेरफार नगराच्या हितासाठी होत असला, तरी त्याचा लाभ आणि त्याचा भार ही दोन्ही अखेर वस्तीच्या पायरीवर येऊन पोचतात. म्हणून त्या फेरफाराचा आराखडा पक्का होण्यापूर्वी वस्तीस विचारणे ही अधिकाऱ्याची मेहेरबानी समजली जाऊ नये, तो कारभाराचा आवश्यक भाग समजला जावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीस जात होता आणि दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे त्याच पायधुणीस मिळत होता. कुलाबा ते पायधुणी हे भाडे आरंभी तीन आणे होते, आणि त्याच वर्षी ते दोन आण्यांवर आणण्यात आले, कारण भाडे उतरले तर उतारू वाढतात हे त्या कंपनीच्या चालकांनी काही महिन्यांतच ओळखले होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली. या सर्व काळात मार्ग कोठून न्यावा, थांबा कोठे द्यावा, भाडे किती आकारावे हे ठरविणारी एक खाजगी कंपनी होती. उतारूंचे तिच्याशी असलेले नाते गिऱ्हाइकाचे होते, आणि गिऱ्हाइकाला तक्रार करता येते, कारभारात वाटा मागता येत नाही.

ही स्थिती ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालटली. देशाच्या स्वातंत्र्याला आठ दिवस उरले असता मुंबई महापालिकेने वीजपुरवठा व वाहतूक यांचा हा सारा सरंजाम आपल्या ताब्यात घेतला, आणि ज्यास आज आपण बेस्ट उपक्रम म्हणतो तो नागरिकांच्या मालकीचा झाला. या घटनेचे महत्त्व आपण पुरेसे ओळखले आहे असे मला वाटत नाही. मालकी बदलली म्हणजे केवळ नफ्यातोट्याचा धनी बदलला असे नाही; जो आजवर केवळ तिकीट काढीत होता तो तत्त्वतः विश्वस्त झाला, आणि त्याच्या वतीने बोलण्यासाठी नगरसेवकांची बेस्ट समिती अस्तित्वात आली. एखाद्या मार्गावर गाड्या अपुऱ्या पडतात, एखादा थांबा शाळेपासून दूर पडतो, एखाद्या वळणावर म्हाताऱ्या माणसांस चढता येत नाही, अशा बारीकसारीक गोष्टी नगरसेवकाच्या मुखाने त्या समितीत येत, तेथे त्यांची नोंद होई, आणि महाव्यवस्थापकास त्यांचे उत्तर द्यावे लागे. ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणत नाही. पक्षीय चढाओढ तिच्यात होती, आपल्याच प्रभागाचे घोडे पुढे दामटण्याची प्रवृत्तीही होती. तथापि विचारण्याची एक ठरलेली जागा होती, आणि लोकांना ती ठाऊक होती.

असे असूनही, ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली तेव्हा तो निर्णय मोटारींच्या सोयीने झाला होता. अरुंद रस्त्यावर रूळ आणि मोटार यांचा झगडा सुरू होता, आणि त्या झगड्यात कोणी माघार घ्यावी हे ठरविताना मोटारीत किती माणसे बसतात व ट्राममध्ये किती, याचा हिशेब निर्णायक मानला गेला नाही. पुढे २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आखले, आणि वाहनांपेक्षा माणसांच्या गमनागमनास प्राधान्य द्यावे हे तत्त्व त्यात ग्रथित केले. पण तोवर मुंबईच्या रस्त्यांवरून रूळ उखडून चार दशके लोटली होती.

आता गिरगावाकडे वळतो, कारण जे मला सांगावयाचे आहे त्याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या पायाखालीच आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रोचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला आणि काळबादेवी व गिरगाव ही दोन स्थानके लोकांच्या वापरात आली. साडेतेहतीस किलोमीटरांचा मार्ग, सत्तावीस स्थानके, त्यांपैकी एक वगळता सर्व भूमीखाली, आणि खर्च सदतीस हजार कोटी रुपयांहून अधिक: हे स्थापत्याचे एक अचाट कार्य आहे, आणि ते सिद्धीस नेणाऱ्या अभियंत्यांविषयी व कामगारांविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. ज्या शहरात लोकलच्या डब्यात पाय ठेवण्यासाठी माणसे रोज जीव धोक्यात घालतात, त्या शहरात असा मार्ग नको म्हणणे हे मला कधीच पटले नाही.

परंतु २०१५ साली या मार्गासाठी काळबादेवी आणि गिरगाव येथील काही इमारती पाडाव्या लागणार ही वार्ता जेव्हा वाड्यांतून पसरली, तेव्हा काय घडले ते आठवून पाहावे. मार्ग नकाशावर आखला गेला होता, स्थानकांच्या जागा मुक्रर झाल्या होत्या, आणि ज्यांच्या माथ्यावर ती स्थानके येणार होती त्या शेकडो कुटुंबांना आपले पुढे काय होणार याचा थांगपत्ता नव्हता. त्यांपैकी बहुसंख्य भाडेकरू होते. तीन-तीन पिढ्या त्याच खोलीत नांदलेले, पागडीवर राहिलेले, मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या आधाराने टिकलेले. भूसंपादनाच्या जुन्या कल्पनेत सरकारच्या समोर जमिनीचा मालक उभा असतो. चाळीच्या बाबतीत मालक एकीकडे, वहिवाट दुसरीकडे आणि इमारतीची दुरुस्ती तिसऱ्याच्याच अखत्यारीत, अशी अवस्था असते. म्हणून मोबदल्याचा प्रश्न या लोकांना दुय्यम वाटत होता. त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, आम्ही येथेच राहणार की शहराच्या दुसऱ्या टोकाला फेकले जाणार?

लोक रस्त्यावर उतरले, सभा झाल्या, राजकीय पक्षांनी आपापले झेंडे पुढे केले, आणि अखेर बाधित कुटुंबांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे आश्वासन राज्याच्या मुख्यमंत्र्यांना द्यावे लागले. पुढे मेट्रो महामंडळाने त्यासाठी योजना आखली आणि इमारती रिकाम्या करणाऱ्यांना दरम्यानच्या काळासाठी भाडे देण्याची व्यवस्था झाली. या सर्व प्रकरणातून मी जो बोध घेतो तो असा की, त्याच परिसरात पुनर्वसन करणे जर शक्य होते, तर ते आंदोलनानंतर शक्य झाले असे नव्हे. ते पहिल्या दिवसापासूनच शक्य होते. अभियंत्याने नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी या वाड्यांतल्या दहा जाणत्या माणसांना बोलावून घेतले असते, तर ज्या अटीवर लोकांनी पुढे संमती दिली तीच अट आरंभी लिहिली गेली असती, आणि मधली भीतीची, अफवांची व परस्पर संशयाची वर्षे टळली असती.

तांत्रिक बाबतीतही अशीच उदाहरणे आहेत. भुयारामुळे आपल्या आतशबेहरामांच्या, म्हणजे अग्निमंदिरांच्या, पावित्र्यास बाधा येईल अशी हरकत धोबीतलाव-काळबादेवी भागातील पारशी समाजाच्या काही मंडळींनी घेतली आणि मामला उच्च न्यायालयात गेला. प्रकल्प थांबला नाही, पण भुयाराची रेषा काही मीटर बाजूस सरकविली गेली. रात्रीच्या कामाच्या आवाजाविरुद्ध दक्षिण मुंबईतील रहिवाशांनी दाद मागितली तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत काम करण्यास मनाई केली, आणि ती पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये उठविली. या निकालांच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मला इतकेच दाखवावयाचे आहे की, जी रेषा ‘आता बदलणे अशक्य’ म्हणून सांगितली जाते ती वकील उभा राहिला म्हणजे सरकते. आणि ज्या वस्तीला वकील उभा करण्याची ऐपत नाही तिच्याकरिता ती सरकत नाही. विचारविनिमयाची जागा न्यायालयाने घ्यावी लागणे हे कारभाराचे अपयश होय, आणि त्या अपयशाचा खर्च गरिबावर अधिक पडतो.

येथवर जे सांगितले ते मोठ्या बदलाविषयी झाले. मोठा बदल निदान दिसतो. पत्र्यांची कुंपणे उभी राहतात, नोटिसा लागतात, वर्तमानपत्रे मजकूर छापतात. परंतु याच दहा-पंधरा वर्षांत एक दुसरा बदल घडला आहे. माझ्या मते तो अधिक व्यापक आहे, आणि त्याविषयी कोणालाही नोटीस मिळालेली नाही. दीड दशकापूर्वी बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांच्या आसपास बसगाड्या होत्या आणि त्यांतून रोज चाळीस लाखांहून अधिक माणसे प्रवास करीत. २०२५ साली गाड्यांची संख्या तीन हजारांच्याही खाली आली, आणि त्यांतल्याही बहुतेक गाड्या उपक्रमाच्या स्वतःच्या नसून मक्तेदारांकडून चालक व देखभालीसह भाड्याने घेतलेल्या आहेत. याची कारणे अनेक आहेत. वीजखात्याच्या शिल्लकीतून वाहतूकखात्याची तूट भरून काढण्याचा जो जुना शिरस्ता होता तो २००३ च्या वीज कायद्यानंतरच्या नियमनात टिकला नाही. जुन्या गाड्या आयुर्मर्यादा संपून मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जागी नव्या तितक्या वेगाने आल्या नाहीत. काही मक्तेदार तोटा होतो म्हणून मुदतीपूर्वीच निघून गेले. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा उतारू पुन्हा बसकडे वळले, म्हणजे १८७४ सालच्या ट्रामच्या चालकांनी ओळखलेले तत्त्व खोटे ठरलेले नव्हते. मे २०२५ मध्ये तेच भाडे दुप्पट होऊन दहा रुपये झाले.

या साऱ्याचा वस्तीच्या पातळीवर अर्थ काय होतो? थांब्यावरच्या पाटीवरचा एखादा क्रमांक एके दिवशी दिसेनासा होतो. दर दहा मिनिटांनी येणारी गाडी पंचवीस मिनिटांनी येऊ लागते, मग तिच्यासाठी थांबणारी माणसे कंटाळून सामायिक टॅक्सीकडे वळतात, मग उतारू नाहीत म्हणून ती गाडी बंद करावी असा प्रस्ताव तयार होतो, आणि तो प्रस्ताव आकड्यांच्या दृष्टीने खराच असतो. रस्ता रुंद करावयाचा असेल, आरक्षण बदलावयाचे असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली जाहीर सूचना काढावी लागते, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी द्यावी लागते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा हजारोंनी हरकती आल्या, आणि दोन महिन्यांतच तो नव्याने करण्याचा हुकूम निघाला, हे आपणांस स्मरत असेल. बसचा मार्ग बंद करताना मात्र अशा हरकती मागविण्याचा प्रघात नाही. सर्वांत स्वस्त, सर्वांत अधिक लोकांच्या उपयोगी आणि ज्यांच्याजवळ दुसरे साधन नाही अशांना आवश्यक असलेले जे वाहन, त्याच्याच फेरफारात लोकांना सर्वांत कमी विचारले जाते, ही विसंगती मला अत्यंत दुःखद वाटते. त्यात भर अशी की, मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे ज्या काळात बसगाड्या घटत होत्या त्याच काळात त्याविषयी प्रश्न विचारणारी बेस्ट समिती अस्तित्वात नव्हती.

यावर कोणी म्हणेल की, लोकांना विचारीत बसले तर शहरात काहीच होणार नाही, प्रत्येक वाडीला थांबा आपल्या दारात हवा असेल आणि प्रत्येक दुकानदाराला तो शेजाऱ्याच्या दारात. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. वस्तीचा आवाज म्हणून जो ऐकू येतो तो पुष्कळदा वस्तीतल्या वजनदार माणसांचा असतो. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला पार्किंगची जागा जाते याचे दुःख सभेत उभे राहून सांगता येते, आणि जी बाई चार घरी स्वयंपाक करून बसने परत जाते तिला सभेच्या वेळी पाचव्या घरी पोचावयाचे असते. त्याहून कठीण प्रश्न असा की, वस्ती म्हणजे कोण? गिरगावात राहणारा तो गिरगावकर, हे उघड आहे. पण खोली लहान पडली म्हणून ज्यांचे बिऱ्हाड विरारला किंवा डोंबिवलीला गेले आणि ज्यांची नोकरी अजून येथेच आहे ते कोण? प्रार्थना समाजाजवळच्या रुग्णालयात आप्ताला पाहण्यासाठी येणारा, काळबादेवीच्या पेढीवर हिशेब लिहिणारा, साहित्य संघात नाटकाला येणारा, ठाकूरद्वारच्या फुटपाथवर भाजी विकणारी, यांपैकी एकाचेही नाव येथील मतदारयादीत नसेल. तरीही चर्नीरोड स्थानकापासून त्यांच्या ठिकाणापर्यंतचा रस्ता रोज तुडविणारे तेच आहेत, आणि मेट्रोचा दरवाजा कोणत्या फुटपाथवर उघडावा याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाला नाही. तेव्हा संमती घ्यावयाची ती केवळ घरमालकांच्या व सोसायट्यांच्या प्रतिनिधींची घेऊन भागणार नाही. थांब्यावर उभे राहून, गर्दीच्या वेळी आणि दुपारच्या वेळीही, जो उतारू तेथे आहे त्याला विचारले पाहिजे.

याचे भान न ठेवता मार्ग आखला म्हणजे काय होते ते पुण्याने पाहिले आहे. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आखण्यात आली. कल्पना उत्तम होती, तिच्या पाठीशी तज्ज्ञ होते, पण रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत पायी चालणाऱ्याने कसे पोचावे याची तजवीज आधी झाली नाही, आणि एका चांगल्या कल्पनेविषयी लोकांच्या मनात अकारण अढी बसली. त्याच पुण्यात, त्याच सुमारास, महापालिकेने नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात लहान कामे समाविष्ट करण्याची प्रथा सुरू केली, आणि बसथांब्याचे छप्पर, फुटपाथची दुरुस्ती अशी कामे नागरिकाला नाव घेऊन मागता येऊ लागली. ती प्रथा कोठे सजीव राहिली, कोठे निव्वळ उपचार झाली. पण विचारण्याचा एक दरवाजा तिने उघडला, आणि तो मुंबईत आजही नीट उघडलेला नाही. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली त्यास तीन दशके झाली. या समित्यांच्या कार्यसूचीवर बसचा मार्ग हा विषय ठेवण्यास कोणाची हरकत असावी असे मला वाटत नाही. तो ठेवला जात नाही कारण तो ठेवावा असे कोणी मागितलेले नाही.

मागण्याचीही एक रीत असते, आणि येथे मी सरकारकडून दृष्टी वळवून आपल्याकडे आणतो. ‘बस वेळेवर येत नाही’ ही तक्रार आहे. ‘सकाळी आठ ते दहा या वेळेत अमुक क्रमांकाच्या गाड्या अमुक थांब्यावर अमुक वेळी आल्या, त्यांपैकी इतक्या भरून गेल्यामुळे थांबल्या नाहीत, आणि मागे इतकी माणसे उरली’ हा पुरावा आहे. तक्रारीवर सहानुभूतीचा शेरा मारून ती दफ्तरदाखल करता येते. पुराव्याला उत्तर द्यावे लागते. ज्या गिरगावाने १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव बसविला, जेथे वर्गणीच्या एकेका रुपयाचा हिशेब फळ्यावर लिहिण्याची परंपरा वाडीवाडीत आहे, तेथे चार तरुणांना आणि चार सेवानिवृत्तांना वही घेऊन थांब्यावर उभे करणे अवघड पडू नये. आज मेट्रोचे किमान भाडे दहा रुपये आहे आणि बसचेही दहा रुपये आहे. त्यामुळे अनेकजण खाली उतरतील. पण खोताच्या वाडीतून, फणसवाडीतून, झावबा वाडीतून स्थानकापर्यंत ज्या आजोबांना चालवत नाही, ज्या मुलाच्या पाठीवर दप्तर आहे, त्यांच्यासाठी वर रस्त्यावरची बसच हवी. ती कोणत्या गल्लीपाशी थांबावी, स्थानकाच्या कोणत्या दारापासून किती पावलांवर असावी, अखेरची मेट्रो गेल्यावरही तिची एक फेरी असावी की नाही, हे प्रश्न सध्या कोणाच्याच टेबलावर नाहीत. स्थानक बांधणारे महामंडळ वेगळे, बस चालविणारा उपक्रम वेगळा, फुटपाथ महापालिकेच्या विभाग कार्यालयाचा आणि चौकातील सिग्नल वाहतूक पोलिसांचा. चौघांच्या अखत्यारीची सीमा जेथे मिळते तेथेच नेमका उतारू उभा असतो, आणि तेवढी जागा कोणाचीच नसते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. या ग्रंथालयाने पुढाकार घेऊन येत्या महिन्याभरात ठाकूरद्वार, प्रार्थना समाज आणि पोर्तुगीज चर्च येथील थांब्यांची अशी वही तयार करावी. जे तेथे राहतात त्यांच्याबरोबर जे तेथे केवळ कामाला येतात त्यांनाही विचारून ती भरावी. मग या चारही कचेऱ्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच दिवशी, याच सभागृहात, पाचारण करावे, आणि वही समोर ठेवून एकेका थांब्याविषयी त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे. बेस्टचे वार्षिक अंदाजपत्रक, म्हणजे महापालिकेच्या दफ्तरी ज्यास ‘क’ अंदाजपत्रक म्हणतात ते, मांडले जाण्यापूर्वी ही बैठक व्हावयास हवी, कारण एकदा गाड्यांची वाटणी त्यात ठरली की पुढे वर्षभर तिच्यात फेरफार करणे अधिकाऱ्यालाही जड जाते. वहीचे रकाने कसे आखावे याचा एक कच्चा नमुना मी बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो चिटणीसांच्या हवाली करतो, आणि त्यात ज्या त्रुटी आढळतील त्या आपण, जे त्या थांब्यांवर रोज उभे राहता, त्यांनी दुरुस्त कराव्यात.